आठव्या होलचा बिरोबा

॥ बिरोबा प्रसन्न ॥

चिकलठाणा,
सर्वपित्री अमावस्या, दुपार

प्रिय राजेंद्र,

तुझं पार्सल परवा पोचलं. काय काय आलं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही राहिलं असेल तर तुला कळेल. गोल्फच्या काठ्या सात, त्यातली एक पटिंगची, म्हणजे शेवटी चेंडू खड्ड्यात ढकलायची, मुठीला निळी पट्टी गुंडाळलेली. चेंडू अकरा, पैकी दोन चिरलेले. डाव्या हाताचा हातमोजा एक, अंगठ्यापाशी शिवलेला; टाका मोनिकाचा दिसतो. लाकडी खुंट्या मूठभर. खाकी बॅग, चेन तुटलेली आणि तिच्या जागी सुतळी. शिवाय शंभर पानी वही एक. पार्सलचे तू तिकडं दोनशे चाळीस भरलेस असं वर छापलंय. इथं तो माणूस गल्लीत यायला तयार होईना, म्हणून मीच जालना रोडपर्यंत जाऊन घेऊन आले, रिक्षाचे चाळीस. एवढ्या पैशात तू, मोनिका आणि आई लासूर स्टेशनहून रेल्वेनं येऊन, दोन घास खाऊन परत गेला असतात आणि बॅग तुझ्या खांद्यावरून आली असती. पण तुला यायचंच नव्हतं, एवढं मला कळतं.

चिठ्ठीत तू एकच ओळ लिहिलीस. 'दाजींना द्या, मला आता याचा उपयोग नाही.' मी नेहमीप्रमाणे खर्चाच्या वहीत आलेल्या वस्तूंची नोंद करायला बसले, तर ही बॅग कुठल्या खान्यात घालावी ते सुचेना. भेट म्हणावी तर तू ती दिलेली नाहीस, टाकलेली आहेस. ठेव म्हणावी तर परत मागणार नाही म्हणतोस. शेवटी तारीख घातली आणि पुढची ओळ कोरी सोडली. लग्न झाल्यापासून मी वही लिहिते, पण कोरी राहिलेली ही पहिलीच ओळ.

फोनवर बोलले असते. पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मोनिका स्पीकर लावते, मग आई येऊन बसते, आणि माझ्या तोंडून गुडघे आणि भाजीचे भाव याच्यापुढं काही निघत नाही. दहावीच्या पेपरानंतर एवढं सलग मी कधी लिहिलं नसेल. विस्कळीत वाटलं तर सांभाळून घे. माझं डोकंच सध्या विस्कळीत झालंय. हे पत्र एकट्यानं वाच. आईला वाचून दाखवू नको.

आज आबांचं पान वाढलं. गवारीची भाजी, भजी, खीर, आणि त्यांना लागायचा तसला लाल ठेचा. कावळा लवकर शिवेना. तुझे दाजी गच्चीवर उभे राहून म्हणाले, "मामा, राजूची काळजी करू नका, मी आहे." तरी शिवेना. मग मी मनात काहीतरी बोलले, तेव्हा शिवला. काय बोलले ते शेवटी सांगते, आत्ता सांगितलं तर पुढचं सगळं उलटसुलट होईल.

दाजींची हकिगत आधी. त्यांची शिकवण्याची नोकरी चालू आहे. सकाळी सहाला पांढरी टोपी घालून जातात. गवत कापायचं मशीन आता दुसऱ्याच्या हाती आहे, पण मशीनचा आवाज आला की यांची मान आपोआप तिकडं वळते. शिकायला येणारे म्हणजे शेंद्र्याच्या कंपन्यांतले साहेब, त्यांच्या बायका, एक रिटायर झालेले बँकेचे मॅनेजर. दाजी त्या सगळ्यांना तुझंच वाक्य सांगतात. काठी अशी धरायची, जसा नुकत्याच जन्मलेल्या कोकराचा पाय. घट्ट धरला तर मोडेल, सैल धरला तर निसटेल. परवा एका मॅडमनी विचारलं, "सर, कोकराचा पाय धरल्याचा व्हिडिओ कुठं मिळेल?" घरी येऊन सांगताना ते इतके हसले, की ताटातलं वरण सांडलं. मग म्हणाले, "राजूनं हे लई चांगलं शिकवलं असतं गं. मी नुसता त्याची नक्कल करतो." प्रत्येकाला सांगतात, हे वाक्य माझं नाही, माझ्या मेव्हण्याचं आहे. जागा मिळून आठ महिने झाले, पण त्या जागेवर बसल्यासारखे ते अजून बसलेले नाहीत. पाहुण्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतात ना, तसे.

तुझी बॅग बघून त्यांनी हात लावला नाही. काठ्या मोजल्याही नाहीत. म्हणाले, "ही माझी नाही. भिंतीला टेकवून ठेव. ज्याची आहे तो नेईल." आणि चहा न पिता गेले. म्हणून ती देवघराच्या शेजारी उभी आहे. पूजा करताना एका डोळ्यानं देव दिसतो, दुसऱ्यानं तुझी निळ्या पट्टीची काठी.

तुला आठवतं, तू मला हा खेळ पहिल्यांदा समजावलास तेव्हा? दाजी गवत कापायला लागून वर्ष झालं होतं आणि तू साहेबांच्या बॅगा धरायचास. दोघं संध्याकाळी मोकळ्या मैदानावर जुन्या काठ्यांनी चेंडू मारायचात, तू शिकवायचास आणि ते शिकायचे. मी डबा घेऊन आले होते. आबा ज्या माळावर मेंढरं चारायचे तिथं एवढं हिरवंगार गवत, आणि त्याच्यावर एकही मेंढरू नाही, हे बघून मला कसंतरीच झालं होतं. मग तू सांगायला बसलास. बाकीच्या खेळांत जास्त करील तो जिंकतो, यात कमी करील तो. नऊ खड्डे, त्यांना होल म्हणायचं, आणि त्यांत चेंडू घालताना जितके फटके कमी खर्चशील तितकं चांगलं. मी म्हटलं, हा तर महिना काढायचा खेळ झाला, हा मला येतो. तुम्ही दोघं किती हसलात. आणि दुसरी गोष्ट तू सांगितलीस ती तर मला फारच आवडली. तू म्हणालास, "आक्का, यात पंच नसतो. मागं कोणी बघत नसतं. आपली चूक आपणच बोलायची आणि आपणच लिहायची." मी म्हटलं, माझ्या वहीसारखं. तू म्हणालास, "व्हय, तुझ्या वहीसारखंच." त्या दिवसापासून या खेळाबद्दल माझ्या मनात आदर आहे. देवळात चप्पल बाहेर ठेवून जावं तसं काहीतरी त्यात आहे असं वाटायचं.

आता तुझ्या वहीबद्दल. तुला विचारल्याशिवाय वाचली, त्याबद्दल ओरड. पण बॅगेत सामानाबरोबर आली म्हणजे तीही सामानच, असं मी मनाला समजावलं आणि दोन दुपारी बसून पहिल्या पानापासून वाचली. राजेंद्र, मला वाटलं होतं तू लासूरला गेल्यावर खेळ सोडलास. मोंढ्यात पोती मोजतोस, आडतीच्या पावत्या लिहितोस, एवढंच मला माहीत. तू तर जानेवारीतल्या त्या मॅचनंतरच जास्त खेळलास! लिलाव उरकला, हमाल गेले, की थप्प्यांच्या मधल्या फरशीवर स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि चेंडू त्यात घालायचा. रोज. तारीख आणि आकडा. पन्नासपैकी सत्तेचाळीस. पन्नासपैकी एकोणपन्नास. माझ्या भावानं एवढी नीट वही लिहिलेली बघून मला आधी आनंद झाला, मग रडू आलं.

तुझ्या त्या सूचना मात्र माझ्या डोक्यात गोंधळ घालून गेल्या. एका पानावर लिहिलंयस, चेंडूजवळ उभं राहिल्यावर मन रिकामं ठेवायचं. त्याच्या खालीच अकरा गोष्टी लिहिल्यास, त्या रिकाम्या मनात ठेवायच्या. पाय खांद्याएवढे लांब. वजन डाव्या पायावर. मान हलवायची नाही. काठी मागं हळू, पुढं आपोआप. चेंडू गेल्यावर बघायचं नाही, आवाज ऐकायचा. एक श्वास आत, अर्धा बाहेर. झालेला फटका आठवायचा नाही, येणारा मोजायचा नाही. अरे, मी चाळीस वर्षांची झाल्यापासून रोज माळ ओढते, अजून एकशे आठ मणी पुरे होईपर्यंत निम्मं मन भाजीच्या पातेल्यात असतं. मग तुला हे कुठून जमायचं? आणि ज्या दिवशी पन्नासच्या पन्नास गेले त्या दिवशीही तू खाली लिहिलंस, 'मग तेव्हाच का नाही?' हे 'तेव्हाच का नाही' मी मोजलं. एकतीस वेळा आहे.

मला काहीच कळेना, म्हणून मी स्वतः करून बघितलं. हसू नको. काल गच्चीवर वाळवण राखत बसले होते. तुझी पटिंगची काठी घेतली, पदर खोचला, पेला आडवा ठेवला आणि मारायला लागले. पहिले तीस चेंडू पेल्याच्या आसपासही गेले नाहीत. एक जिन्यावरून थेट खाली घरमालकिणीच्या तुळशीत गेला. अकरा गोष्टी आठवू लागले की हात लाकडासारखा व्हायचा. मग खाली कुकर लावलेला आठवला, त्याच्या शिट्ट्या मोजत मारत राहिले, आणि तिसऱ्या शिट्टीला चेंडू टण्णकन पेल्यात! लागोपाठ चार गेले. तेवढ्यात दाजी वर आले. "काय गं, आता तू पण का?" म्हणाले, आणि न राहवून शिकवायलाच लागले. "मनगट नाय, खांदा. जातं काय मनगटानं ओढतेस व्हय?" मी खांद्यानं मारला, तो पाचवा गेला. मला एवढंच कळलं, की हात चुकत नाही. हाताच्या मागं जे उभं असतं ते चुकतं. माझ्या मागं कुकर उभा होता, म्हणून बरं झालं. तुझ्या मागं त्या दिवशी काय उभं होतं, याचा विचार मी कालपासून करते आहे.

तो दिवस तुला मी काय सांगू, तू रोज उठून तोच बघतोस असं वही सांगते. तरी माझ्या बाजूनं लिहिते, कारण तू तो फक्त तुझ्या बाजूनं बघितलायस. स्टाफची वार्षिक मॅच. सेक्रेटरी साहेबांनी आधीच जाहीर केलं होतं, जो जिंकेल त्याला शिकवण्याची जागा, कायमची. सगळे म्हणत होते जागा राजूचीच. दाजी स्वतः म्हणत होते. आदल्या दिवशी त्यांनी तुला शर्टासाठी कापडही आणून ठेवलं होतं, तुला माहीत नसेल. ते अजून कपाटात आहे. स्टाफच्या मॅचला बॅग धरायला घरचं माणूस आणायचं, ही मैदानावरची पहिल्यापासूनची रीत. तुझी बॅग मोनिकानं धरली, यांची मी. मी तू भाऊबिजेला दिलेली हिरवी साडी नेसले होते. दोघं एकाच जोडीत. माझ्या एका डोळ्यात नवरा, एका डोळ्यात भाऊ. कोण जिंकावं असं वाटतं, असं विचारून मैदानावरच्या कडुबानं मला चिडवलं, "वहिनी, आज तुमचा उपास कुणाच्या नावानं?" मी म्हटलं, दोघांच्या. ते खरं होतं, का मला खरं वाटत होतं, हे आता सांगता येत नाही.

आठवा होल संपला तेव्हा दोघांचे फटके सारखे. नवव्यावर दाजींचे चार झाले, एकूण एकेचाळीस. तुझा चेंडू खड्ड्यापासून एका काठीएवढ्या अंतरावर. गेला असता तर बरोबरी आणि पुन्हा एक होल. तू उभा राहिलास. मी तुझे हात बघत होते. निळ्या पट्टीवरची तुझी बोटं पांढरी झाली होती. कोकराचा पाय तू असा कधीच धरला नव्हतास. चेंडू कडेला लागून फिरला आणि बाहेर थांबला. कोणीतरी मागून म्हणालं, "हात चांगला आहे, पण काळीज नाही." कोण बोललं ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, त्याचं नाव या पत्रात नको. तू कार्डावरच्या बेचाळीसवर सही केलीस, दाजींच्या पाया पडलास, आणि पंधरा दिवसांत आईला आणि मोनिकाला घेऊन लासूरला गेलास. तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तेच वाक्य तू तुझ्या हातानं लिहिलंस. 'माझ्यात काळीज नाही. बस्स.' त्याच्याखाली तारीख नाही. तुझ्या वहीतली तारीख नसलेली ती एकच नोंद.

मोनिकानं पाडव्याला फोनवर विचारलं होतं, आक्का ती हिरवी साडी नेसत नाही का? मी म्हटलं पदराला डाग पडलाय. कशाचा ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शिकेकाई लावली, लिंबू लावलं, रॉकेल लावलं. जात नाही. शेंदूर कधी जात नसतो.

आठव्या होलच्या डाव्या अंगाला लिंबाखाली आपला बिरोबा आहे. आबांनी मांडलेला दगड. जमीन गेली, मेंढरं गेली, पण मैदान झालं तेव्हा आबा साहेबांपुढं बसून राहिले आणि देव तिथंच राहिला. दाजी इतकी वर्षं त्याच्याभोवती मशीन न लावता हातानं विळ्यानं गवत कापायचे. त्या दिवशी यांचा फटका डावीकडं गेला. तू आणि मोनिका उजवीकडं तुमच्या चेंडूकडं निघाला होतात, पाठ आमच्याकडं. दाजी मागं होते, बॅग माझ्याकडं, म्हणून मी पुढं जाऊन शोधायला लागले. चेंडू दगडाला चिकटून होता. अगदी अंगाला टेकून, शेंदूर लागलेला. मला फक्त एवढं दिसलं, की आता हे येणार आणि माझ्या बापानं मांडलेल्या देवावर लोखंडी काठी उगारणार. मी चेंडू उचलला, पदरानं पुसला, देवाला हात जोडले, आणि दोन हात अंतरावर ठेवून ओरडले, "सापडला!" सगळं एका श्वासात झालं. कोणी बघितलं नाही. दाजींनी तिथून जो मारला तो थेट खड्ड्याजवळ. टाळ्या वाजल्या, तूही वाजवल्यास. तुझ्या टाळ्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला होता.

खरं सांगते, यात काही चूक झाली हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. देवाचं काम होतं, देवापुरतं झालं, असं वाटलं. थोडं खटकायचं, म्हणून साडी नेसले नाही, एवढंच. तुझे दाजी त्या दिवसापासून दर रविवारी बिरोबाला नारळ फोडतात. म्हणतात, "मी काय तेवढा खेळत नव्हतो. आठव्याचा तो फटका देवानं दिला." हे ऐकलं की मी खोबऱ्याचा तुकडा हातात घेते आणि तो तोंडात जात नाही. आणि परवा तुझी वही. बाविसावं पान. तुझ्या अक्षरात नियम. 'चेंडू असेल तिथूनच मारायचा. बॅग धरणाऱ्यानं हलवला तरी दंड खेळणाऱ्याला. चुकीच्या जागेवरून मारला तर दोन फटके.' मी ते पान इतक्या वेळा वाचलं, की डोळ्यांपुढं अक्षरं नाचायला लागली. काल कडुबाला आडून विचारलं, म्हटलं टीव्हीत असं दाखवलं. तो म्हणाला, "दोन फटके वाढत्यात वहिनी. पण कार्डावर सही होऊन कप वाटला असला तर मग काय नाय. कप काय परत मागत्यात व्हय?" मग माझ्याकडं बघत राहिला. मी भाजी चिरायची आहे म्हणून उठले.

तेव्हापासून डोक्यात नुसता घोळ आहे. देवावर काठी उगारू दिली असती तर ते पाप. भावाच्या ताटातलं उचललं ते पाप. यातलं मोठं कोणतं, हे मला कोणत्याच पोथीत सापडत नाही. मोठ्यानं सांगितलं असतं, की इथं देव आहे, इथून मारायचा नाही, तर एखादा फटका गेला असता आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तेवढं एक वाक्य मी का बोलले नाही? देवासाठीच उचलला, हे मी बेलभंडार उचलून शपथेवर सांगेन. पण राजेंद्र, ठेवताना मी तो खडी सोडून मऊ गवतावर ठेवला. उचलणारा हात आबांच्या लेकीचा होता. ठेवणारा हात दाजींच्या बायकोचा होता. हे मला आज पान वाढताना कळलं. तेच मी कावळ्यापुढं बोलले, की आबा, राजूला मी आजच्या आज लिहिते.

म्हणून लिहिलं. तुझं काळीज जागेवर आहे, हे सांगायला. नवव्या होलवर तू उभा राहिलास तेव्हा तुला वाटत होतं, की हा एक गेला नाही तर सगळं गेलं. अरे, तू दोन फटके पुढं होतास. तो चेंडू कडेला लागून बाहेर थांबल्यावरही तूच जिंकला होतास, बेचाळीस आणि त्रेचाळीस. एकतीस वेळा 'तेव्हाच का नाही' लिहिलंस, त्याचं उत्तर तुझ्या हातात, श्वासात, मानेत कुठंच नव्हतं, ते माझ्या पदराला होतं. त्या मॅचच्या कार्डाची आपल्या घरची प्रत मी वहीत जपली होती. तिच्यावर लाल पेनानं दाजींच्या नावापुढं एकेचाळीसचे त्रेचाळीस केलेत आणि खाली माझी सही केली आहे. ती प्रत सोबत घातली आहे. कडुबा म्हणतो तसा साहेबांच्या दप्तरात निकाल बदलणार नाही, पण यात पंच नसतो असं तूच म्हणाला होतास. हे पाकीट पेटीत टाकलं, की मी तशीच मैदानावर जाणार आहे आणि दाजींना सांगणार आहे. आधी पाकीट, मग ते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. ते नोकरीचं काय करतील मला माहीत नाही. रविवारच्या नारळांचं काय करतील तेही माहीत नाही. उद्या घट बसायचे आहेत आणि हे पोटात ठेवून माझ्यानं घटाला पाणी घालवणार नाही. तू रागावशील, रागव. बहीण मेली म्हणालास तरी ऐकून घेईन. पण ते शेवटचं पान फाड. पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड आहे, पत्ता मी घातला आहे, तुला नुसतं टाकायचं आहे. बॅग लासूरला पाठवू, का तू न्यायला येशील म्हणून इथंच भिंतीला राहू देऊ, एवढं उलट टपाली कळव. वहीतली ती ओळ मी अजून कोरी ठेवली आहे.

तुझीच,
शीलाआक्का